कन्हानची चाळणी

घराचं बांधकाम निघालं की नागपुरात लवकरच रेतीची गोष्ट निघते. बाकी महाराष्ट्र जिला वाळू म्हणतो ती आमची रेती, आणि ती कन्हान नदीची असली तर मिस्त्रीचा चेहरा खुलतो. ढिगातली मूठभर घेऊन तो तळहातावर चोळतो. दाणे करकरले आणि हात मळला नाही, म्हणजे माल चांगला. मग चाळणी तिरपी उभी करून तिच्यावर फावड्याने रेती मारतात आणि गोटे वेगळे काढतात. लहानपणी दारातल्या अशाच ढिगावर खेळताना मला वाटायचं, चाळायचं काम इथून सुरू होतं. आता कळतं, की तोवर ते जवळजवळ संपलेलं असतं. नदीनेच कितीतरी पावसाळे ते केलेलं असतं.

नदीची ही चाळणी घरीही बघता येते. काचेच्या बरणीत पाणी, मूठभर रेती आणि थोडी शेतातली काळी माती घालून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. रेती लगेच खाली बसते. पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं. एक मीटर खोल, शांत पाण्यात 1 मिलिमीटरचा दाणा दहा सेकंदांच्या आत तळ गाठतो. चिकणमातीच्या 0.002 मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतराला तीन दिवस लागतात. वाहत्या नदीत तीन दिवसांची शांतता कुठली मिळणार? म्हणून जिथे प्रवाह जरा मंदावतो तिथे रेती पडते, आणि चिकणमाती तशीच पुढे वैनगंगेत, प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी समुद्रात जाते. मिस्त्रीचा हात मळत नाही तो यामुळे.

अर्थात चाळायला मुळात दाणे हवेत, आणि इथे नागपूर नशीबवान आहे. हे शहर दोन वेगवेगळ्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स आणि पश्चिमेकडचा भाग काळ्या बेसाल्टचा. त्यात गारगोटीचा अंश जवळजवळ नसतो, म्हणून तो झिजला की शेवटी काळी माती उरते. उत्तरेला आणि पूर्वेला मात्र फार जुने नीस आणि ग्रॅनाइट आहेत, आणि कामठीच्या आसपास वालुकाश्म. या वालुकाश्माच्या थरांना भूगर्भशास्त्रात ‘कामठी’ असंच नाव आहे! या खडकांमधली गारगोटी सहजासहजी विरघळत नाही, फुटून तिचे दाणे होतात. सातपुड्यातून उतरणारी कन्हान असल्या मुलखातून येते आणि ते दाणे घेऊन येते.

मोठे गोटे तळाशी घरंगळतात, रेतीचे दाणे टुणटुण उड्या मारत जातात आणि बारीक गाळ पाण्यात तरंगत जातो. जलशास्त्रातला एक जुना ढोबळ नियम सांगतो, की पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते हलवू शकेल अशा दगडाचं वजन 64 पट होतं. हा आकडा कळल्यावर पुराकडे बघायची माझी नजरच बदलली. पात्राची बरीचशी घडण वर्षातल्या मोजक्या पुराच्या दिवसांत उरकते. मे महिन्यात आपण जे रेतीचे पट्टे बघतो, ते मागच्या पुराने ओसरता ओसरता ठेवलेले असतात.

एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. सर्वांत बारीक कण सर्वांत सहज वाहून जातील असं आपण धरून चालतो. स्वीडनच्या फिलिप युलस्ट्रॉम यांनी 1935 साली दाखवलं, की सर्वांत सहज उचलली जाते ती रेती. गोटे जड असतात म्हणून जागचे हलत नाहीत, आणि चिकणमातीचे कण एकमेकांना घट्ट चिकटून असतात. तिला उखडायला जोराचा प्रवाह लागतो. एकदा उखडली की मात्र ती संथ पाण्यातही तरंगत राहते. काळ्या मातीतल्या नाल्यांचे काठ उभे, भिंतीसारखे असतात आणि रेताड नदीचं पात्र उथळ, पसरट होतं, त्यामागे हा चिकटपणा आहे.

आता वळणांकडे येऊ. इथे चहा उपयोगी पडतो. न गाळलेला चहा कपात ढवळून थांबा. चहाची पत्ती जड असते, फिरणाऱ्या पाण्याने ती कडेला फेकली जायला हवी. तरी ती तळाच्या मध्यभागी गोळा होते. आल्बर्ट आइनस्टाइन यांनी 1926 साली याच पत्तीवरून नद्यांच्या वळणांचा उलगडा केला. वळणावर वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे लोटलं जातं. तळाचं पाणी घर्षणामुळे मंद असतं, ते आतल्या काठाकडे सरकतं. त्यामुळे प्रवाह पिळ घातल्यासारखा गोल फिरत पुढे जातो, बाहेरचा काठ कापतो आणि तळाची रेती आतल्या काठाशी नेऊन टाकतो. काठ कापला की वळण वाढतं, वळण वाढलं की काठ आणखी कापला जातो. आइनस्टाइन यांचे चिरंजीव हान्स आल्बर्ट यांनी तर पुढे नदीतल्या गाळाचाच आयुष्यभर अभ्यास केला.

बाहेरच्या अंगाला पाणी तळ खरवडून जी खोल जागा करतं, तिला आपण डोह म्हणतो. पेंच नदीवरच्या ज्या तोतलाडोह धरणाचं पाणी आपण पितो, त्याच्या नावातही डोह आहे. आश्चर्य म्हणजे या वळणांना माप असतं. लागोपाठच्या दोन सारख्या वळणांमधलं अंतर बहुतेक वेळा पात्राच्या रुंदीच्या 10 ते 14 पट भरतं. नाला 5 मीटर रुंद असेल तर हे अंतर साधारण 50 ते 70 मीटर. ओढा असो की महानदी, पट हीच.

हे सगळं एका तराजूवर चालतं. एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्यात गाळ आणि त्याच्या दाण्यांचा आकार. गाळ वाढला तर पात्र भरून उथळ होतं. गाळ कमी पडला तर पाणी तो कुठून तरी मिळवतं, म्हणजे तळ आणि काठ खातं. धरणाच्या जलाशयात रेती अडकते आणि खाली नितळ, भुकेलं पाणी सुटतं ते असं.

पात्रातून बेसुमार रेती उपसली की हाच तराजू बिघडतो. खड्डा पडला तिथेच राहत नाही. त्याच्या वरच्या कडेवर उतार एकदम तीव्र होतो, पाणी तिथे जोराने कापू लागतं आणि ती कड वर्षागणिक उगमाच्या दिशेने सरकत जाते. खालच्या बाजूला रेती न मिळालेलं पाणी तळ खातं. म्हणून रेती उपसतात त्या घाटापासून दूर असलेल्या पुलाचा पायाही उघडा पडू शकतो. शिवाय रेती पाणी धरून ठेवते, ती गेली आणि तळ खाली गेला की काठच्या विहिरींची पातळी उतरते. रेती ही नदीत पडलेली वस्तू नाही, ती नदीचाच भाग आहे. रेती ज्या मापाने विकतात त्या ब्रासच्या हिशोबात हे येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शहरातल्या नाग नदीवर हाच हिशोब दुसऱ्या बाजूने बिघडला. लावा गावाकडच्या टेकड्यांतून येणारी ही नदी 1870 साली बांधलेल्या अंबाझरी तलावात थांबते, मग दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून शहर ओलांडते. पूर आला की नदीला काठाबाहेर पसरायला सपाट जागा लागते. तिथे तिचा वेग मोडतो आणि गाळ पडतो. ती जागा आता वस्त्यांची आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि पाणी घराघरांत शिरलं. ते ओसरल्यावर लोक दोन-दोन दिवस फरशीवरचा गाळ खरवडत होते. मऊ, काळा, बोटांना चिकटणारा गाळ. पश्चिमेच्या बेसाल्टचा, रेतीचा दाणाही क्वचितच सापडेल असा.