रारामुरींच्या पायात जादू नाहीये

1994 साली अमेरिकेत कोलोराडोमध्ये लेडव्हिलची रेस झाली. शंभर मैल, म्हणजे 160 किलोमीटर, आणि ते पण अशा उंचीवर की आपल्याला तिथे नुसता जिना चढताना धाप लागेल. सुरुवातच 3,100 मीटरवर, आणि मधली होप पास नावाची खिंड 3,800 च्या वर. अॅन ट्रेसन ही त्या काळातली अल्ट्रारनिंगमधली, म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही लांब पळण्यातली, सगळ्यात दादा बाई बराच वेळ पुढे होती, पण शेवटच्या टप्प्यात हुआन हेरेरा नावाच्या मेक्सिकन पोराने तिला गाठलं आणि साडेसतरा तासांत रेस मारली. ट्रेसन दुसरी आली, 18 तास 6 मिनिटं, आणि तिचा हा बायकांमधला विक्रम पुढची तीस वर्षं कुणाला मोडता आला नाही, म्हणजे हेरेराला काय तोडीची टक्कर मिळाली असेल बघा. त्याच्या आदल्या वर्षी तर जिंकणारे व्हिक्टोरियानो चुरो 55 वर्षांचे होते.

हेरेरा आणि चुरो दोघंही रारामुरी, म्हणजे मेक्सिकोतल्या एका आदिवासी जमातीचे. बाहेरचे लोक त्यांना ताराहुमारा म्हणतात. मेक्सिकोच्या चिवावा राज्यात कॉपर कॅन्यन म्हणून प्रचंड खोल दऱ्या आहेत, त्या भागात हे लोक राहतात. तेव्हापासून जगभर एकच गाणं सुरू आहे की हे जन्मतःच पळणारे लोक, यांना थकवा येतच नाही. पण 1992 ला हेच रारामुरी पहिल्यांदा लेडव्हिलला आले तेव्हा सगळेच्या सगळे रेस अर्धवट सोडून बाहेर पडले होते, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही.

आता यातलं विज्ञान काय ते बघू. लांब पळण्यात माणूस हा प्राणीच मुळात भारी आहे, रारामुरी असो की तुम्ही-आम्ही. 2004 मध्ये डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन या शास्त्रज्ञांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात हेच मांडलं होतं. अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी भरपूर, त्यामुळे आपण पळता पळता अंग थंड ठेवू शकतो. हरणाला ते जमत नाही, त्याला धापा टाकूनच गार व्हावं लागतं आणि चौखूर उधळताना नीट धापा टाकता येत नाहीत, म्हणून भर उन्हात मागे लागून लागून त्याला दमवता येतं. रारामुरी पूर्वी हरणाची शिकार अशीच करायचे.

दुसरी गोष्ट पायाची. टाचेमागची जाड शीर आणि तळपायाची कमान, दोन्ही स्प्रिंगसारख्या चालतात, पाय टेकला की ताणल्या जातात आणि उचलताना ती शक्ती परत देतात. एकट्या कमानीतूनच पावलामागे साधारण 17 टक्के ऊर्जा परत मिळते असं 1987 च्या एका प्रयोगात निघालं होतं. आणि रारामुरी घालतात काय, तर जुन्या ट्रकच्या टायरचा तुकडा कापून पट्ट्यांनी घोट्याला बांधलेल्या वहाणा, त्यांना हुआराचे म्हणतात. लीबरमनच्या टीमने पाय तपासले तेव्हा अशा वहाणा घालणाऱ्या रारामुरींच्या तळपायाचे काही स्नायू बूट घालणाऱ्या अमेरिकनांपेक्षा मोठे निघाले आणि कमान जास्त ताठ निघाली. पण बूट घालणारे रारामुरी पळताना बहुतेक टाचेवरच आपटतात, आपल्यासारखेच! म्हणजे मामला रक्ताचा कमी आणि सवयीचा जास्त वाटतो.

खाण्याचंही तेच. रोजचं जेवण मका आणि घेवडा, पळताना पिनोले, म्हणजे भाजलेल्या मक्याचं पीठ पाण्यात कालवून, आपलं सातूचं पीठ असतं ना तसलाच प्रकार. 1991 मध्ये एक प्रयोग छापून आला, त्यात 13 रारामुरींना पाच आठवडे श्रीमंत देशांतलं तुपकट गोड जेवण दिलं, तर कोलेस्टेरॉल 31 टक्के वाढलं आणि वजन सरासरी जवळपास चार किलो. कसलं कवच आणि कसलं काय.

मग एवढं पळतात कसे? मला विचाराल तर रारामुरींचं नाव लावून बूट आणि चिया बिया विकणाऱ्यांनी याचं उत्तर पार चुकवलंय. उत्तर त्यांच्या रेसमध्ये आहे, तिला राराहिपारी म्हणतात. दोन टीम असतात, प्रत्येकीकडे लाकडाचा कोरलेला एक चेंडू. चेंडूला हात लावायचा नाही, पायाच्या बोटांवर उचलून पुढे उडवायचा आणि त्याच्यामागे पळायचं, खाचेत किंवा झुडपात अडकला तर काठीने काढायचा. फेऱ्या मोजायला दगड मांडलेले असतात. रेस दिवसभर चालते, कधी रात्रीतही जाते, मग पाइनच्या लाकडाच्या पेटत्या फाट्या हातात घेऊन गावकरी सोबत पळतात, कुणी पाणी देतं, कुणी पिनोले, कुणी नुसतंच ओरडतं. बायकांची रेस वेगळी, त्यात चेंडूऐवजी कडं असतं आणि ते काठीने फेकत न्यायचं. आणि पैज लागते बरं का, दणकून! कपडे, घोंगड्या, पैसे, दोन्ही बाजूंचा माल जोडी जोडीने बांधून ठेवतात आणि जिंकणारा सगळं घेऊन जातो.

लीबरमन आणि त्यांच्या सोबत्यांनी 2020 मध्ये जुन्याजाणत्या रारामुरी धावकांच्या मुलाखती घेऊन लिहिलं की ही पळापळ त्यांच्यासाठी एक प्रकारची प्रार्थना आहे, आणि ती रात्र रात्र चालणाऱ्या नाचांपासून, शेतातल्या कामापासून, डोंगर चढून शेळ्यांमागे फिरण्यापासून वेगळी काढताच येत नाही. म्हणजे आपण करतो तसं रविवारी लाँग रन, मंगळवारी इंटरव्हल असला प्रकारच नाही, दम तयार होतो तो रोजच्या चालण्यातून. त्यांनी असंही बजावलं की रारामुरींना रानटी सुपरमॅन बनवणं बंद करा.

2017 मध्ये लोरेना रामिरेस नावाची 22 वर्षांची रारामुरी मुलगी मेक्सिकोतल्याच पुएब्ला राज्यात 50 किलोमीटरची रेस जिंकली, घोळदार स्कर्ट आणि साध्या वहाणांवर, साधारण सात तासांत. पेपरवाल्यांनी त्या वहाणांचेच फोटो छापले. त्याआधी दोनच वर्षं, 2015 मध्ये, कॉपर कॅन्यनमधल्या उरिके गावची अल्ट्रामॅरेथॉन टोळ्यांच्या हिंसाचारामुळे ऐन वेळी रद्द करावी लागली होती. ज्या वाटांवर ही मंडळी रोज चालतात त्याच वाटा ड्रग्जवाल्यांनाही हव्या असतात, आणि त्या वाटा बंद पडल्या तर मग या पायांचं काय होणार हे सांगायला लॅबची गरज नाही.