महानायककथा, अमेरिकी कॉमिक्समधील (सुवर्णयुग)

अलौकिक सामर्थ्य वा असामान्य कौशल्य असलेला, ठरावीक वेशात वावरणारा आणि खरी ओळख लपवून अन्यायाशी झुंजणारा नायक ज्यांच्या केंद्रस्थानी आहे, अशा चित्रमय साहसकथांचा प्रकार. अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅनच्या रूपाने तो स्थिरावला आणि १९५० च्या सुमारास त्याची पहिली लाट ओसरली. या कालखंडास ‘सुवर्णयुग’ म्हणतात. ही संज्ञा त्या काळातील नव्हे. १९६० च्या आसपास रसिकांच्या हौशी पत्रिकांतून ती रूढ झाली असावी. कालखंडाच्या शेवटाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो महायुद्धाच्या समाप्तीबरोबर (१९४५) धरतात, काही १९५४ पर्यंत ताणतात. ऑल स्टार कॉमिक्समधील महानायकांचा संघ १९५१ मध्ये बंद पडला. येथे तीच सीमा मानली आहे.

या कथांचे वाहन असलेली कॉमिक्सची पुस्तिका त्यांच्यापेक्षा फार जुनी नाही. ईस्टर्न कलर प्रिंटिंग या मुद्रणसंस्थेने १९३३ मध्ये वृत्तपत्रांतील रंगीत चित्रपट्ट्या लहान आकारात बांधून जाहिरातीसाठी फुकट वाटायला दिल्या. १९३४ पासून फेमस फनीज ही पुस्तिका १० सेंटला विकली जाऊ लागली. केवळ नव्या मजकुराची पहिली महत्त्वाची पुस्तिका म्हणजे माल्कम व्हीलर-निकल्सन यांची न्यू फन (फेब्रुवारी १९३५). त्यांच्याच संस्थेतून पुढे डिटेक्टिव्ह कॉमिक्स (मार्च १९३७) निघाले. मात्र आर्थिक अडचणीमुळे संस्था त्यांच्या हातून गेली. सुमारे ६४ पाने, हलका वृत्तपत्री कागद, चार रंगांची छपाई आणि १० सेंट किंमत हा साचा दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईपर्यंत साधारण टिकला. एका पुस्तिकेत सहा-सात निरनिराळ्या कथा असत. टपालाच्या सवलतीच्या दरासाठी दोन पानांची चित्रविरहित गोष्टही बहुधा घातली जाई; ती किती मुलांनी वाचली असेल, याचा अंदाज करणे कठीण आहे.

पहिला महानायक कोण, हा प्रश्न बराच चर्चिला गेला आहे. १९१९ मध्ये अवतरलेल्या झोरोकडे मुखवटा आणि दुहेरी आयुष्य होते. पल्प मासिकांतील (हलक्या कागदावरील स्वस्त कथामासिकांतील) शॅडो (१९३१) आणि डॉक सॅव्हेज (१९३३) यांच्याकडे गूढ दरारा आणि घडवलेले शरीर होते. ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रात आला. इंद्रजाल कॉमिक्समुळे (आरंभ १९६४) मराठी वाचक त्याला ‘वेताळ’ म्हणून ओळखतात. अंगाला घट्ट चिकटलेला वेश आणि बुबुळे न दिसणारे डोळे ही त्याची देणगी पुढच्या बहुतेक महानायकांनी उचलली. पण तो वृत्तपत्रातला, शिवाय अलौकिक शक्ती नसलेला. पुस्तिकेतला पहिला मुखवटाधारी म्हणून जॉर्ज ब्रेनर यांच्या क्लॉकचा (१९३६) उल्लेख करतात. तो सूट-बूट घालणारा गुप्तहेर होता. वेश, शक्ती, दुहेरी ओळख आणि स्वतःहून पत्करलेले लोकसेवेचे व्रत हे चारही घटक एकत्र पाहायचे, तर सुपरमॅनच्या मागे जाता येत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल (१९१४–९६) आणि जो शुस्टर (१९१४–९२) हे क्लीव्हलंडमधील शाळासोबती. जानेवारी १९३३ मध्ये आपल्या हौशी विज्ञानकथा-पत्रिकेत त्यांनी ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम वापरले, पण तो मनोवेध करणारा टकला खलपुरुष होता. नायकात त्याचे रूपांतर नेमके कधी झाले याविषयी दोघांच्याच आठवणी एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. १९३३ ते १९३५ हा काळ सामान्यतः दिला जातो. फिलिप वायली (१९०२–७१) यांच्या ग्लॅडिएटर (१९३०) या कादंबरीचे ऋण हा यातील सर्वांत चिघळलेला वाद होय. त्या कादंबरीत नायकाचे बळ समजावताना स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे वाहणारी मुंगी आणि लांब उडी मारणारा नाकतोडा यांचे दाखले येतात. सुपरमॅनच्या पहिल्या कथेतील ‘शास्त्रीय स्पष्टीकरणा’तही मुंगी आणि नाकतोडाच आहेत. हे साम्य योगायोगाचे म्हणणे अवघड आहे. तथापि वायली यांचा नायक आपल्या शक्तीचे काय करावे हे न उमगून एकाकी संपतो, तर सुपरमॅनला पहिल्याच पानावर आपले काम ठाऊक असते. ऋण स्पष्टीकरणापुरते, कल्पनेचा गाभा मात्र वेगळा, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

धार्मिक-सांस्कृतिक उगमाचा सिद्धांत त्यामानाने अलीकडचा आहे. सीगल, शुस्टर आणि पुढे उल्लेख येणारे केन, फिंगर, सायमन, कर्बी, आयझनर हे सारे ज्यू कुटुंबांतले, बहुधा पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुले. त्यावरून नदीत सोडलेल्या अर्भक मोझेसची टोपली आणि अर्भक सुपरमॅनला घेऊन क्रिप्टॉन ग्रहावरून आलेले यान, किंवा ज्यू दंतकथेतील मातीचा रक्षक गोलेम आणि सुपरमॅन अशी समांतरे काढली जातात. ती मोहक असली, तरी निर्मात्यांच्या तत्कालीन लेखनात त्यांना सबळ आधार मिळत नाही. चांगल्या नोकऱ्यांची आणि प्रतिष्ठित प्रकाशनगृहांची दारे या तरुणांना बंद होती, म्हणून ते या हलक्या मानल्या गेलेल्या धंद्यात आले, ही सामाजिक बाजू अधिक भक्कम आहे. सीगल यांचे वडील १९३२ मध्ये आपल्या दुकानातील चोरीच्या वेळी मरण पावले. गोळी न लागणाऱ्या नायकाचा धागा काही जण तेथवर नेतात.

वृत्तपत्रांसाठी काढलेली आणि वारंवार नाकारली गेलेली सुपरमॅनची पट्टी अखेर कापून, पानांवर चिकटवून १३ पानांची कथा म्हणून ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात आली. मुखपृष्ठावर जून १९३८ असले, तरी अंक एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या आरंभी विक्रीस आला असावा. १८ एप्रिल ही तारीख नेहमी दिली जाते. मुखपृष्ठावरील महिना म्हणजे विक्रेत्याने अंक टपरीवरून काढायची मुदत, हे लक्षात न घेतल्याने या काळातील अनेक तारखा चुकतात. या कथेसह पात्राचे सर्व हक्क १३० डॉलरना, म्हणजे पानामागे १० डॉलरना विकले गेले.

आरंभीचा सुपरमॅन उडत नव्हता. तो एक-अष्टमांश मैल लांब उडी मारी, आणि फुटत्या तोफगोळ्याहून कमी कशानेही त्याची कातडी फाटत नसे. त्याचे शत्रूही परग्रहावरचे नव्हते. बायकोला मारणारा नवरा, लाच देऊन युद्ध घडवू पाहणारे हितसंबंध, मजुरांच्या जिवाशी खेळणारा खाणमालक यांना तो धडा शिकवी. एका कथेत तो गलिच्छ वस्ती जमीनदोस्त करतो, जेणेकरून सरकारला तेथे चांगली घरे बांधावीच लागतील. महामंदीतल्या वाचकाला हा राग ओळखीचा होता. रेडिओ (१९४०) आणि चलच्चित्रे (१९४१) आल्यावर नायक उडू लागला; राग मात्र हळूहळू निवत गेला, आणि यात या कथांचे मोठे नुकसान झाले.

महानायक म्हणजे नेमके काय, हे ठरविण्यात न्यायालयांचा वाटा सहसा दुर्लक्षिला जातो. प्रकाशक व्हिक्टर फॉक्स यांनी मे १९३९ मध्ये वंडर मॅन हा नायक बाजारात आणताच सुपरमॅनच्या प्रकाशकांनी दावा लावला. १९४० मध्ये अपील न्यायालयात न्या. ऑगस्टस हँड यांनी निकाल दिला, की परोपकारी बलाढ्य पुरुष ही कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. मात्र प्रसंगांची मांडणी आणि अभिव्यक्ती स्वतंत्र असेल, तर तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळते. वंडर मॅन एका अंकात संपला, पण ‘कल्पना मोकळी, मांडणी राखीव’ या सूत्रामुळे शेकडो महानायकांना वाट मिळाली. या खटल्यात आपण नक्कल केल्याचे सत्य सांगितले, असे वंडर मॅनचे चित्रकार विल आयझनर (१९१७–२००५) उत्तरायुष्यात सांगत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीच्या प्रतीवरून त्यांनी तेव्हा पात्र स्वतंत्र असल्याचे सांगितल्याचे दिसते. साक्षीचा कागदच अधिक विश्वसनीय मानावा लागतो.

दुसरा खटला बारा वर्षे चालला. फॉसेट या प्रकाशनसंस्थेच्या व्हिझ कॉमिक्समधील (फेब्रुवारी १९४०) कॅप्टन मार्व्हल हा बिल पार्कर आणि सी. सी. बेक (१९१०–८९) यांचा नायक. बिली बॅटसन नावाचा पोरका मुलगा ‘शझॅम’ म्हणताच धिप्पाड पुरुष होतो. मोठे होण्याची लहान मुलाची इच्छा इतक्या थेटपणे दुसऱ्या कोणी पकडली नाही, आणि १९४४ च्या सुमारास तो सुपरमॅनपेक्षाही अधिक खपत होता. सुपरमॅनच्या प्रकाशकांचा १९४१ मधील दावा १९५१ मध्ये न्या. लर्नेड हँड (ऑगस्टस यांचे चुलतभाऊ) यांच्यापुढे फॉसेटवर उलटला, आणि १९५३ मध्ये तडजोड करून फॉसेटने पात्राचे प्रकाशन थांबविले.

बॅटमॅन (मे १९३९) बॉब केन (१९१५–९८) यांच्या एकट्याच्या नावावर आला. कथा, वेशाची ठेवण आणि गॉथम ही नगरी बिल फिंगर (१९१४–७४) यांची होती. पहिली कथा शॅडोच्या एका कादंबरीवर बेतल्याचे फिंगर यांनी स्वतः मान्य केले. त्यांच्या नावाला अधिकृत श्रेय मात्र २०१५ पासून, म्हणजे मृत्यूनंतर ४१ वर्षांनी मिळू लागले. वंडर वूमन (१९४१) ही मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन (१८९३–१९४७) यांची कल्पना, चित्रे एच. जी. पीटर यांची. मार्स्टन यांच्या रक्तदाब-चाचणीवरून खोटे ओळखणारे यंत्र विकसित झाले, म्हणून तिच्या सोनेरी फासाला त्याचे प्रतीक मानतात. मूळ कथांत तो फास सत्य वदवण्यापुरता नव्हता, बांधलेल्याला आज्ञाधारक करीत होता. हा तपशील मार्स्टन यांच्या विचारांशी अधिक जुळतो. टाइमली प्रकाशनाचे ह्यूमन टॉर्च आणि सब-मरिनर (ऑक्टोबर १९३९), जॅक कोल यांचा प्लास्टिक मॅन (१९४१) आणि आयझनर यांचा स्पिरिट (१९४०) ही अन्य महत्त्वाची पात्रे.

जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक (मार्च १९४१) अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, डिसेंबर १९४० मध्ये विक्रीस आला. मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावत होता, आणि निर्मात्यांना धमक्या आल्या. युद्धकाळात या पुस्तिका सैनिकांतही लोकप्रिय झाल्या. त्याच पानांत जपानी माणसांची आणि कृष्णवर्णीयांची विद्रूप, अपमानकारक चित्रेही आहेत. उत्तम कारागिरीने ती सौम्य होत नाहीत. फिलाडेल्फियातून ऑरिन इव्हान्स यांनी १९४७ मध्ये कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांचे ऑल-निग्रो कॉमिक्स काढले. त्याचा एकच अंक निघाला.

टीका लवकरच सुरू झाली होती. शिकागोतील वृत्तपत्रात स्टर्लिंग नॉर्थ यांनी मे १९४० मध्येच या पुस्तिकांना राष्ट्रीय कलंक म्हटले होते. परंतु महानायकांची घसरण टीकेने झालेली नाही. १९५४ ची सिनेट समितीची सुनावणी आणि कॉमिक्स आचारसंहिता येण्याआधीच फ्लॅश (१९४९), ग्रीन लँटर्न (१९४९) आणि कॅप्टन अमेरिका (१९५०) यांच्या पुस्तिका बंद पडल्या होत्या. युद्ध संपल्यावर वाचक गुन्हेगारी, प्रणय आणि भयकथांकडे वळला. सुपरमॅन, बॅटमॅन व वंडर वूमन यांची स्वतंत्र पुस्तिका मात्र खंड न पडता चालू राहिली. ऑक्टोबर १९५६ मध्ये नव्या फ्लॅशपासून पुढचा कालखंड मोजतात.

सीगल आणि शुस्टर यांनी १९४७ मध्ये हक्कांसाठी दावा लावला. तडजोडीत सुमारे ९४,००० डॉलर मिळाले आणि श्रेयातून नावेही गेली. १९७५ मध्ये जनमताच्या रेट्यामुळे वार्षिक निवृत्तिवेतन मिळाले व नावे पुन्हा छापली जाऊ लागली. लहान प्रकाशकांच्या अनेक पात्रांचे हक्क २८ वर्षांनी नूतनीकरण न झाल्याने केव्हाच मुक्त झाले आहेत. सुपरमॅनच्या पहिल्या कथेवरील अमेरिकी स्वामित्वहक्क चालू कायद्यानुसार २०३३ अखेर संपेल.