वायपरची किरकिर आणि उलटणारा ओठ

पावसाळा तोंडावर आला की एक व्हिडिओ ठरल्यासारखा फिरू लागतो: वायपरच्या रबराला खोबरेल चोळा, नव्यासारखा चालेल. साताऱ्यातल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी गेल्या जूनमध्ये तसं केलं आणि मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वरला निघाले. समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे काचेवर असे फाकले की गाडी कडेला घेऊन अंगातल्या बनियनने काच पुसावी लागली. मी मागच्या सीटवर होतो.

वायपर पुसतो म्हणजे नक्की काय करतो? वायपरचं रबर आडवं कापून पाहा. वर पट्टीत बसणारं जाड डोकं, खाली बारीक मान, मग निमुळतं होत गेलेलं धड आणि टोकाला ओठ. ओठाला दोन कोपरे असतात आणि एका वेळी एकच कोपरा काचेला टेकतो, कारण ओठ काचेवर तिरका कललेला असतो. दांडा उजवीकडे निघाला की ओठ डावीकडे झुकून मागून फरफटत येतो. परतीला मान वळते, ओठ उलटतो आणि दुसरा कोपरा कामाला लागतो. टोकाला ‘टप’ असा जो आवाज येतो, तो या उलटण्याचा. मिनिटाला चाळीस फेऱ्या धरल्या तर तासाभराच्या पावसात ओठ ४,८०० वेळा उलटतो.

कललेला ओठ का हवा, ते हातात काठी घेऊन कळेल. काठी मागे ओढत चाला, ती खडबडीत रस्त्यावरूनही मुकाट येते. तीच पुढे ढकलत चाला, प्रत्येक खड्याला अडकून उडेल. मान कडक झाली की ओठ उलटत नाही, एका बाजूला जाताना ओढला जातो आणि परतताना ढकलला जातो. म्हणून वायपर एकाच दिशेला थरथरत असेल, तर रबर एका कुशीवर वाळलं आहे किंवा दांडा पिळला आहे असं समजावं. दांडा पिळला असेल तर नवं रबर घालूनही थरथर जात नाही.

आता किरकिर. रिचर्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये बेअरिंगमधलं घर्षण मोजून एक आलेख काढला, तो इथेही कामाला येतो. पाणी भरपूर आणि वेग बरा असेल तर ओठ पाण्याच्या थरावर जवळजवळ तरंगतो, घर्षण अगदी कमी. थर पातळ झाला की रबर जागोजागी थेट काचेला भिडतं. आलेखाच्या या भागात वेग घटला की घर्षण वाढतं, आणि सगळा घोटाळा त्यातच आहे. ओठ जरा अडखळला की वेग कमी, म्हणून घर्षण जास्त, म्हणून तो आणखी अडकतो. मान वाकत जाते, ताण साठतो, मग ओठ सुटून उडी मारतो आणि पुढे पुन्हा अडकतो. हे सेकंदाला कित्येकदा होतं. सारंगीचा गज तारेवर हेच करतो, फक्त तिथे मुद्दाम राळ लावून तार धरायला लावतात. मुसळधार पावसात वायपर गप्प असतो आणि भुरभुरीत ओरडतो, त्याचं कारण हे. परतीच्या टोकाजवळ वेग शून्यावर येतो, म्हणून कुरकुर बहुधा तिथूनच सुरू होते.

रबर कडक होतं ते मात्र बहुतेक उन्हाळ्यात. नैसर्गिक रबराच्या लांब साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमका तिथेच हल्ला करतो आणि साखळी तुटते. रबर ताणलेलं असेल तर भेगा लवकर पडतात. उभ्या गाडीवर दांड्याची स्प्रिंग ओठाला आठ महिने एकाच कुशीवर दाबून ठेवते, वर एप्रिल-मेचं ऊन. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. एकीकडे रबर झिजून जातं, दुसरीकडे न वापरताच वाळतं. म्हसवडच्या माणसाला ‘पाऊसच नाही, वायपर कशाला बदलू’ असं वाटतं, पण वर्षाने रबर त्यालाही बदलावं लागतं.

खोबरेलाने यातलं काहीच सुधारत नाही. तुटलेली साखळी तेलाने जुळत नाही, काचेवर मात्र तेलकट पापुद्रा बसतो, आणि त्यावर पाणी सपाट न पसरता बारीक थेंब धरतं. काचेवर पाणी चिकटू नये म्हणून मारायचे ‘नॅनो’ फवारे विकणारे तर वायपरची गरजच संपली म्हणतात. हायवेला वाऱ्याने थेंब पळतात हे खरं, घाटात पंचवीसच्या वेगाने ते जागचे हलत नाहीत. शिवाय थेंबांच्या मधली काच कोरडी राहते, म्हणजे किरकिरीला आमंत्रण. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीने काच पुसली जात नाही, पण काचेवर तंबाखू किंवा बटाट्याची फोड चोळणारे जुने ट्रकवाले अडाणी नव्हते. त्याने पाणी सपाट पसरतं.

खरेदीत लांबी आधी बघा. छोट्या एसयूव्हीत ड्रायव्हरकडची पट्टी लांब आणि शेजारची आखूड असते. मापं गाडीच्या पुस्तकात मिळतात. ‘इंचभर मोठी बरी’ म्हणून एका दुकानदाराने मला दिली आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आपटू लागल्या. वाकदार काचेवर बिनफ्रेमची ‘फ्लॅट’ पट्टी दाब सारखा ठेवते, पण जुन्या पद्धतीच्या पट्टीची फ्रेम धड असेल तर नुसतं रबर बदललं तरी भागतं. बदलताना काचेवर जाड टॉवेल घाला. पट्टी काढलेला उघडा दांडा स्प्रिंगने सुटून आपटला तर काच तडकते, आणि मग पट्टीची किंमत हसण्यावारी जाते.

आठवड्याला ओल्या फडक्याने ओठ पुसा. नव्या रबराचा काळा रंग फडक्याला लागला तर घाबरू नका. तो बहुधा घर्षण कमी करायला लावलेल्या ग्रॅफाइटचा असतो, खरडून काढायचा नाही. पेट्रोल-रॉकेलने रबर फुगतं. काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीत बोअरचं जड पाणी भरलं की फवाऱ्याच्या भोकात क्षार बसतात. टाचणीने मोकळं करावं.

मागच्या वायपरकडे कोणी बघत नाही. एसयूव्हीची पाठ उभी असल्याने मागे हवेचा भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल मागच्या काचेवर येऊन बसतो. तो वाळल्यावर वायपर फिरवला तर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. आधी पाणी मारा.