ओव्हरक्लॉक केलेलं मशीन मध्येच बंद पडतंय? व्होल्टेज वाढवण्याआधी हे वाचा

मे महिना लागला की आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या मशीनची एक ठरलेली तक्रार येते. "जानेवारीत सेट केलं होतं, चार महिने एकदम मस्त चाललं, आता गेम लावला की दहा मिनिटांत बंद." नागपुरात याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. कूलर कितीही महागाचा घ्या, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत पूर्ण लोडवर ७८ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ९४ च्या आसपास जाणारच. (इथे कूलर म्हणजे प्रोसेसरवरचा. खिडकीतल्या कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर सोडू नका. ओलसर हवेत धूळ पंख्याला आणि फिन्सना अशी चिकटते की ब्रशनेही निघत नाही.)

असं झालं की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पानांवर) जाऊन व्होल्टेज थोडं वाढवतात. दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. प्रोसेसर खातो ती वीज साधारण वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.७ गिगाहर्ट्झचे ५.० केले आणि त्यासाठी १.२५ व्होल्टचे १.३५ केले, तर वेग मिळाला जेमतेम ६ टक्के, उष्णता मात्र २४ टक्क्यांनी वाढली. आणि मुळात दोष रॅमचा असेल, तर हा सगळा खटाटोप भलत्याच भागासाठी झाला.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की आधी कोण पडतंय ते ओळखा, मग हात लावा.

सगळं मूळ सेटिंगवर आणा

बायोसमध्ये डिफॉल्ट लोड करा. रॅमचं एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅमला पाकिटावरच्या वेगाने पळवणारं सेटिंग) हेसुद्धा बंद करा. लोक हेच विसरतात, कारण त्यांच्या लेखी ते ओव्हरक्लॉक नसतं. डीडीआर४ रॅमच्या पाकिटावर ३६०० लिहिलेलं असलं, तरी तो वेग बहुधा १.३५ व्होल्टवरचा असतो. डीडीआर४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे. म्हणजे तोही ओव्हरक्लॉकच.

स्क्रीनच येत नसेल तर पॉवरची वायर काढा, बोर्डावरचा गोल सेल (सीआर२०३२) पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा. तारीख-वेळ चुकलेली दिसली तर घाबरू नका, सेटिंग पुसलं गेल्याची ती खूण आहे.

आता दोन-तीन दिवस रोजचं काम करा. मूळ सेटिंगवरही मशीन पडत असेल, तर ओव्हरक्लॉकला दोष देऊ नका. पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली), धूळ, रॅम किंवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) यांपैकी काहीतरी आहे. नीट चाललं तर एकेक गोष्ट परत चालू करा, आधी रॅम, मग प्रोसेसर. प्रत्येक बदल वहीत तारखेसह लिहा. एका वेळी तीन आकडे बदलणाऱ्यांना आम्ही मदत करू शकतो, पण वेळ तिप्पट लागतो.

मशीन कसं पडतं, त्यावरून काय ओळखायचं

पूर्ण लोडवर निळी स्क्रीन आली आणि खाली "क्लॉक वॉचडॉग टाइमआउट" किंवा "डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर" असेल, तर संशय प्रोसेसरला पुरेसं व्होल्टेज न मिळण्यावर. "मेमरी मॅनेजमेंट" आलं, दर वेळी वेगळाच कोड आला किंवा झिप उघडताना फाइल खराब असल्याचं सांगितलं, तर आधी रॅम तपासा. निळी स्क्रीन न येता, दिवे विझल्यासारखं मशीन फटकन बंद झालं, तर तापमान किंवा एसएमपीएस. १२ व्होल्टची लाइन लोडवर ११.४ च्या खाली जायला नको. हा आकडा मल्टीमीटरने बघायचा, सॉफ्टवेअरमधला बऱ्याचदा खोटा असतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस बदलण्याआधी घरचं अर्थिंग बघून घ्या.

लोडवर व्होल्टेज घसरणं हे वेगळं. बायोसमध्ये १.३० ठेवलं आणि लोडवर १.२२ दिसलं, तर बोर्डात बिघाड नाही, तो तसाच बनवलेला असतो. लोडलाइन कॅलिब्रेशन (ही घसरण भरून काढणारं बायोसमधलं सेटिंग) मधल्या पातळीवर ठेवा. सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं तर लोड सुटतो त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी तुम्हाला स्क्रीनवर दिसतही नाही.

दिवसभर काम, रात्री रीस्टार्ट

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आमचे एक ग्राहक आहेत. रायझेन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड. दिवसभर रेंडर लावलं तरी मशीन हूं की चूं करत नाही. सिनेबेंच, प्राइम९५ या जड टेस्टही पास. रात्री फक्त फाइल कॉपी लावून झोपले, की सकाळी मशीन रीस्टार्ट होऊन लॉगिनवर उभं. त्यांनी एसएमपीएस बदलला, मग यूपीएसही बदलला. फरक शून्य.

त्यांनी कुठलासा व्हिडिओ बघून कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरच्या एकेका कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) सगळ्या कोरना उणे ३० ठेवला होता. यातली प्रत्येक पायरी सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करते. सगळे कोर एकदम कामाला लागले की वेग थोडा खाली येतो आणि कमी व्होल्टेजही पुरतं. पण मशीन जवळजवळ रिकामं असताना एखादाच कोर ४.६ गिगाहर्ट्झच्या वर उडी मारतो, आणि तिथे ते पुरत नाही. जड टेस्ट पास होऊन हलक्या कामात मशीन पडतं ते यामुळे.

हे शोधायला विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टम लॉगमध्ये "डब्ल्यूएचईए-लॉगर" (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा. त्यांच्याकडे १८ क्रमांकाची नोंद सापडली आणि तिच्यात प्रोसेसर एपिक आयडी ६. या प्रोसेसरवर प्रत्येक कोरला दोन आयडी असतात, मोजणी शून्यापासून. म्हणजे ६ आणि ७ हे चौथ्या कोरचे. तो कोर आम्ही उणे १५ वर आणला. मग कोरसायकलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर रात्रभर लावलं. ते एकेका कोरला एकट्याला पळवतं. त्यात आणखी एक कोर पडला, त्यालाही उणे १५ केलं, बाकीचे उणे २५. वेग होता तेवढाच राहिला, आणि जुना एसएमपीएस आता त्यांच्या भावाच्या मशीनमध्ये चालू आहे.

रॅम

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घ्या आणि चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक आली तरी नापास. "फक्त दोनच एरर आहेत" असं इथे नसतं. दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा. उपाय जुनाट वाटतो, पण लागू पडतो. चार स्टिक लावून ३६०० चालत नसेल तर ३२०० वर समाधान माना.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीबद्दल

१३९००के, १४९००के यांसारखे प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होत होते. चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असताना गेम "व्हिडिओ मेमरी संपली" म्हणत असेल, तर ही ओळखीची खूण आहे. बायोस अपडेट करा. त्यात सप्टेंबर २०२४ चं ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचं मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) हवं. अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून निघत नाही. मूळ सेटिंगवरही पडणारी चिप व्होल्टेज देऊन जगवत बसू नका, वॉरंटीत टाका. ओव्हरक्लॉकमुळे चिप गेली असेल तर मात्र वॉरंटी मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्या मशीनवर टॅलीचा डेटा आहे, त्यावर ओव्हरक्लॉक नकोच. अस्थिर मशीन दर वेळी बंदच पडतं असं नाही. कधी कधी ते चालू राहतं आणि फाइल गुपचूप बिघडवतं.

आमच्याकडे आणताना

वही आणा, बायोसच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो आणा, डेटाचा बॅकअप घेऊन या. कूलर घरी काढू नका. काढायचाच असेल आणि प्रोसेसर एएम४ सॉकेटचा रायझेन असेल, तर आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून वायर काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा आणि मग उचला. थंड पेस्टवर सरळ वर ओढला तर लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो. त्याला खाली १३३१ पिना असतात, आणि वाकलेल्या पिना सुईने सरळ करायचे आम्ही वेगळे पैसे घेतो.