दोन अर्ज, फरक फक्त नावाचा

पदवी घेतलेली एक मुलगी वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून अर्ज टाकते. महिना उलटतो, बोलावणं येत नाही. घरचे म्हणतात, अनुभव कमी पडला असेल. आडनाव आडवं आलं का, हे तिला कधीच कळत नाही, कारण त्याच जागेसाठी आलेले बाकीचे अर्ज तिने पाहिलेलेच नसतात. भेदभाव सिद्ध करणं अवघड जातं ते इथे.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी तिला न दिसलेला तो दुसरा अर्ज स्वतःच तयार केला. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे ते खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवत राहिले. शिक्षण तेच, अनुभव तोच. जातीचा किंवा धर्माचा उल्लेख कुठेही नाही, फक्त नावं उच्चवर्णीय हिंदू, दलित किंवा मुस्लिम वाटतील अशी. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. २००७ मध्ये आलेले निकाल असे: उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला होकारार्थी उत्तर येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर (ऑड्स रेशो) ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३; १ म्हणजे सारखी संधी, १ पेक्षा जितकं कमी तितकी संधी कमी. एकेका नकारातून काहीच ठरत नाही, पण इतक्या अर्जांनंतरही कल एकाच बाजूला राहिला, तर योगायोग म्हणून तो सोडून देता येत नाही.

असा प्रयोग महाराष्ट्रात करायचा, तर नाव निवडतानाच कस लागेल. जाधव, मोरे, गायकवाड, शिंदे ही आडनावं मराठा घरांत आहेत तशी दलित घरांतही आहेत. अर्ज वाचणाऱ्याला जात कळलीच नाही, तर निकालात फरक दिसणार नाही आणि आपण त्यालाच समता समजून बसू. म्हणून कोणतं नाव वाचून लोक काय ओळखतात, हे आधी तपासून घ्यावं लागतं. मला तरी सगळ्या प्रयोगात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते.

निकाल सगळीकडे सारखे येत नाहीत. दिल्ली परिसरातल्या अशाच एका प्रयोगात, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीचा फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र आढळला. मुस्लिम नावांच्या बाबतीत तर तिथे भेदभाव दिसलाच नाही. हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं.

यात कंपनीला न सांगता खोटे अर्ज पाठवावे लागतात. परवानगी मागितली तर प्रयोगच संपला. माझ्या मते ही फसवणूक क्षम्य आहे, पण बोलावणं आल्यावर लगेच नकार कळवून समोरच्याचा वेळ वाचवायलाच हवा.

शिवाय ही पद्धत मुलाखतीच्या दारापर्यंतच पोचते. आत काय चालतं, ते कळायला माणसांशी बोलावं लागतं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन हे समाजशास्त्रज्ञ दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलले. निवड गुणवत्तेवरच व्हावी, असं हे व्यवस्थापक ठामपणे मानत होते. आणि उमेदवाराला ‘वडील काय करतात, घरी कोण कोण असतं’ हेही विचारत होते.