गांजा कायदेशीर करण्याचा वाद (गोवा)

गोव्यात हा वाद अधूनमधून पेटतो, आणि दरवेळी त्यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते, औषधासाठी लागवड, ओढणाऱ्याला गुन्हेगार न मानणं आणि सरळ दुकानात विक्री. एकाबद्दल बोललं की समोरचा तिसऱ्यावर भांडतो.

कायदा केंद्राचा आहे, अमली पदार्थांवरचा १९८५ चा एनडीपीएस. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चरस म्हणजे त्याची राळ, आणि नुसती पानं त्यात येतच नाहीत म्हणून भांग सुटली. १ किलोपर्यंत गांजा 'अल्प प्रमाण', म्हणजे १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेलं की कमीत कमी १० वर्षं आणि जामीन मिळणं महाकठीण. चरसाचं अल्प प्रमाण फक्त १०० ग्रॅम.

हणजूण, वागातोर, हरमल ही किनाऱ्यावरच्या गावांची नावं हिप्पी आले तेव्हापासून गांजाला चिकटलीत, आणि 'गोंय म्हणजे नशा' ही ओळख इथल्या लोकांना नकोशी झालीय, त्यामुळे विषय निघाला की आधी पर्यटनावरच गाडी येते. डिसेंबर २०२० मध्ये औषधी लागवडीच्या प्रस्तावाला राज्याच्या कायदा खात्याने हिरवा कंदील दिल्याची बातमी आली तेव्हा हेच झालं. एनडीपीएसच्या कलम १० खाली औषधी आणि वैज्ञानिक कामासाठी राज्याला परवाना देता येतो, दुकानाचा त्यात काही संबंध नव्हता, तरी विरोधकांनी रान उठवलं आणि सरकारने तो विषय गुंडाळला. गंमत म्हणजे त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं आणि भारताने बाजूने मत दिलं!

बाजूने बोलणारे म्हणतात दारूवर अबकारी घेता, काजूच्या फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्याचं कौतुक करता, मग यालाच का वाळीत टाकता. मुद्दा अगदीच फालतू नाही, पण दारूने घरं बुडतात म्हणून अजून एक दुकान उघडा हे काही पटत नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत मानसिक आजाराचा धोका वाढतो हे डॉक्टर सांगतात. उलट केमोथेरपीतली मळमळ, लहान मुलांची काही प्रकारची फेफरं यांत या झाडापासूनची औषधं उपयोगी पडतात, तेही डॉक्टरच सांगतात.

मधला रस्ता बघायचा तर पोर्तुगालचा, ज्याचा पासपोर्ट इथल्या कित्येक घरांत आहे. तिथे २००१ पासून स्वतःपुरता थोडा माल सापडला तर तुरुंग नाही, एका समितीपुढे हजर व्हायचं, विक्री मात्र अजून गुन्हाच. आपल्याकडेही कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट मिळते, पण पोर पकडलं गेल्यावर हे वकिलाकडून कळतं.