सर्दीच्या पुडीतल्या तीन गोळ्या

"अण्णा, सर्दी-खोकल्याच्या गोळ्या द्या की, तीन दिवसांच्या." डिसेंबर लागला की बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही भागातल्या औषध दुकानासमोर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडणारच. परवा माझ्या पुढे उभ्या असलेल्या काकूंनी मिळालेली पुडी तळहातावर उलगडून पाहिली. प्रत्येक वेळेला तीन गोळ्या : एक मोठी पांढरी, एक हरभऱ्याच्या डाळीएवढी पिवळी आणि एक लाल-पिवळी कॅप्सूल. "कॅप्सूल तेवढी चुकवू नका, काकू," दुकानातला मुलगा म्हणाला. काकूंनी मान डोलावली आणि पुडी पदराच्या टोकाला बांधली.

त्यांचा सगळा भरवसा त्या कॅप्सूलवर होता. आणि साध्या सर्दीत नेमकी तीच काही कामाची नसते. रांगेत उभ्या उभ्या हे सांगणं जमलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आधी नाकात काय घडतं ते पाहू. सर्दी आणणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. त्यांतला सगळ्यांत नेहमीचा ऱ्हायनोव्हायरस. त्याचेच एकशे साठाच्या वर प्रकार. आकार सुमारे ३० नॅनोमीटर, म्हणजे असे तीस-पस्तीस हजार विषाणू एका ओळीत मांडले तर एक मिलिमीटर भरेल. त्याला नाक आवडतं, कारण नाकातलं तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं आणि त्याची वाढ ३७ अंशांपेक्षा तिथं चांगली होते. तो नाकाच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो, पेशी धोक्याची रसायनं सोडतात, तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं, पाणी सुटतं, शिंका येतात. नाक चोंदलं की आत शेंबूड साचलाय असं वाटून आपण जोरजोराने शिंकरतो. खरं तर वाट अडवलेली असते ती बरीचशी सुजलेल्या अस्तराने. विषाणू स्वतः फार थोड्या पेशी मारतो. सर्दीचा जो त्रास आपण भोगतो, तो बहुतेक आपल्याच शरीराच्या प्रतिकाराचा असतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि घरातलं कुणी तरी म्हणतं, "इन्फेक्शन वाढलंय, आता अँटिबायोटिक लागणार." हा गैरसमज डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचलेला आहे. हिरवा रंग येतो लढायला धावलेल्या पांढऱ्या पेशींमुळे. त्यांच्याकडे जंतू मारायचं एक एन्झाइम असतं, त्यात लोह असतं आणि ते मुळातच हिरवं असतं. शेंबूड हिरवा झाला म्हणजे आपल्या पेशी कामावर आल्या, एवढाच अर्थ.

आता ती कॅप्सूल. पुडीतली कॅप्सूल बहुधा अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक असते. हे औषध जिवाणूला त्याची बाहेरची भिंत बांधू देत नाही, मग जिवाणू फुटून मरतो. ॲझिथ्रोमायसिन जिवाणूचा प्रथिनं तयार करायचा कारखाना बंद पाडतं. विषाणूकडे भिंतही नाही आणि स्वतःचा कारखानाही नाही; तो आपल्या पेशींचा कारखाना वापरतो. ज्याला भिंतच नाही, त्याची भिंत काय पाडणार? मरतात ते आतड्यातले उपयोगी जिवाणू. मग जुलाब लागतात. शिवाय जे जिवाणू या औषधातून वाचतात, ते पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत. उद्या खरंच न्यूमोनिया झाला तर हेच औषध तोकडं पडू शकतं. अँटिबायोटिकच्या पाकिटावर एक उभी तांबडी रेघ असते : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, अशी खूण. पण पट्टी कात्रीने कापून पुडीत सुट्या कॅप्सूल आल्या की ती रेघ दुकानातच राहते.

न्यूमोनिया, कानातून पू, काही प्रकारचे टॉन्सिल, दहा दिवस उलटूनही वाढत जाणारं सायनसचं दुखणं, इथं अँटिबायोटिक लागतं आणि तेव्हा ते सांगितलं तसंच घ्यावं. ते ठरवायचं डॉक्टरांनी तपासून.

पिवळी गोळी बहुधा ॲलर्जीची. नाकाचं पाणी थोडं आटवते, पण जुन्या पद्धतीच्या गोळीने डोळ्यांवर झापड येते. सध्या उसाचा हंगाम आहे. दोन ट्रॉल्या लावून रात्री कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरचालकाने ही गोळी घेऊ नये, हे मला कळकळीने सांगायचं आहे. तिचा खरा उपयोग ॲलर्जीला. सुगीत येळ्ळूर-वडगावच्या शिवारात भाताची मळणी सुरू असताना ज्यांना लागोपाठ दहा-दहा शिंका येतात, डोळे खाजतात, ताप मात्र अजिबात नसतो, त्यांची ती सर्दी नसते, धुळीची ॲलर्जी असते.

पांढरी गोळी पॅरासिटामॉल. या तिघींत खरी उपकारी हीच. ताप आणि अंगदुखी उतरवते. मोठ्या माणसाने चोवीस तासांत ४ ग्रॅमची मर्यादा कधीच ओलांडू नये आणि यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर त्याहूनही कमी घ्यावी. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत हेच औषध असू शकतं, म्हणून पाकिटावरचं बारीक नाव वाचावं. लहान मुलांना मात्र वजनावरून, डॉक्टरांना विचारून. आणि तापात मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नये; फ्लूमध्ये त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो.

थंडीने सर्दी होते का? आपल्या भाषेने तर दोन्ही एकमेकांना बांधूनच टाकलेत. शेजारच्या कन्नड घरात सर्दी-खोकल्याला "नेगडी, केम्मु" म्हणतात. तिथंही आजी कानाला मफलर बांधल्याशिवाय नातवाला बाहेर सोडत नाही. इंग्लंडात सॉल्झबरीजवळ १९४६ साली खास सर्दीच्या अभ्यासासाठी केंद्र निघालं. तिथं स्वयंसेवकांना नाकात विषाणू घालून गारठवून पाहिलं, तर गारठ्यामुळे सर्दी काही वाढली नाही. पुढे २००५ साली कार्डिफमध्ये ९० जणांना वीस मिनिटं थंड पाण्यात पाय बुडवायला लावले आणि दुसऱ्या ९० जणांना रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्यांतल्या १३ जणांनी सर्दीची लक्षणं सांगितली, दुसऱ्यांतल्या ५ जणांनी. म्हणजे आजीचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. नाक गार पडलं की तिथला बंदोबस्त ढिला पडत असावा. पण विषाणू मुळात यावा लागतो, आणि तो येतो माणसाकडून.

म्हणून मी मफलरपेक्षा खिडकीकडे जास्त लक्ष देते. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लमाला निघालेली बस आठवा : बाहेर गारवा, सगळ्या काचा घट्ट, आत साठ-सत्तर माणसं आणि कुणी तरी सारखं खोकतंय. शाळेच्या वर्गात तेच. काच चार बोटं उघडी ठेवली तरी हवा बदलते. फ्लूचं तर थंडीशीच नातं आहे असंही नाही. आपल्या देशात त्याचा जोर दोनदा दिसतो, जानेवारी ते मार्चमध्ये आणि पावसाळ्यात व त्याच्या शेवटाशेवटाला. खानापूर-जांबोटीकडच्या झडीत दारं लावून बसलेल्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये तापाची साथ येते ती उगाच नाही.

सर्दी आणि फ्लू यांतला फरक वेगाचा. सर्दी हळूहळू येते : आधी घसा खवखवतो, मग नाक वाहतं, ताप नसतोच किंवा नुसती कणकण असते. फ्लू माणसाला झोपवतो. सकाळी धडधाकट कामाला गेलेला माणूस दुपारी हुडहुडी भरून परततो, अंग मोडून येतं, डोळ्यांच्या खोबणी दुखतात, कोरडी ढास लागते. आपल्या पणज्या एका साथीला "मानमोडी" म्हणत. ती १९१८ ची फ्लूची साथ. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. साथ जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत देशभर एक कोटीहून जास्त माणसं गेली. २००९ मध्ये ज्या स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला, तो विषाणू आता दरसालच्या फ्लूंपैकीच एक झाला आहे.

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत रोज सकाळी शेकडो लोक फिरायला येतात. त्या गर्द झाडीत एकेकाळी देवीची लस तयार होत असे. देवीचा रोग लसीने जगातून गेला, १९८० साली तशी घोषणाही झाली. मग सर्दीची लस का नाही? देवीचा विषाणू एक होता आणि फारसा बदलत नव्हता. सर्दीचे दोनशे. फ्लूची लस आहे, पण फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप पालटतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीची नवी यादी ठरवते आणि लस दरवर्षी घ्यावी लागते. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले, यांनी डॉक्टरांना विचारून ती पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

फ्लूवर औषधही आहे, ओसेल्टामिविर. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर पडताना पेशीलाच चिकटलेले असतात. स्वतःला कापून मोकळं करायला त्यांच्याकडे एक कात्री असते. हे औषध ती कात्री बोथट करतं. पहिल्या ४८ तासांत घेतलं तर चांगलं लागू पडतं, म्हणून वर सांगितलेल्या जोखमीच्या माणसांनी ताप अंगावर काढत बसू नये. हे औषध बनवायचं मूळ द्रव्य सुरुवातीला चक्रीफुलातून काढलं गेलं, तेच चक्रीफूल, जे रविवार पेठेत मसाल्याच्या पोत्यांत दिसतं. काढ्यात ते टाकलं तर वास छान येतो. औषध मात्र प्रयोगशाळेत बऱ्याच पायऱ्या ओलांडल्यावर तयार होतं, काढ्यातून ते मिळत नाही.

काढ्याला माझा विरोध नाही. आलं-तुळस-गवती चहा गरम गरम पोटात गेला की घसा शेकतो, पाणी पोटात जातं, बरं वाटतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात. रात्रीच्या खोकल्याला झोपण्याआधी चमचाभर मध खरंच उपयोगी आहे, अभ्यासांतही तसं दिसलं आहे. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही. मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात, ती बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. वाफेने सर्दी लवकर बरी होते असं सिद्ध झालेलं नाही. मांडीवर उकळत्या पाण्याचं पातेलं आणि वर टॉवेल घेऊन चुळबुळणारं पोर, हे दृश्य मला बघवत नाही. एका झटक्यात मांड्या भाजतात.

आणि लहानग्यांना खोकल्याचं सिरप देऊ नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपने मुलं दगावली, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असं बजावलं. सिरप चांगलं निघालं तरी त्या वयात त्याचा उपयोग नगण्यच असतो. बाळाचं नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, दूध पाजण्याआधी ते घालावेत.

पोर आजारी पडलं की सिरपच्या बाटलीपेक्षा घड्याळ हाताशी घ्या. ते शांत असताना, शक्यतो झोपलेलं असताना, झबलं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच वेळी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, पोर दूध-पाणी घेत नसेल किंवा हाक मारूनही मलूल पडून असेल, तर मोजतही बसू नका. दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्याला नुसता ताप आला तरी दाखवायचंच. मोठ्यांमध्ये धाप, छातीत दुखणं, बरळणं, तीन दिवसांपुढे टिकलेला ताप, किंवा बरं वाटून दोन दिवसांनी पुन्हा चढलेला ताप, या सगळ्यांना तपासणी हवी. उतरलेला ताप पुन्हा चढतो तेव्हा फ्लूच्या मागून जिवाणूंचा न्यूमोनिया शिरलेला असू शकतो.

उरला खोकला. नाक आठवड्याभरात सुकतं, खोकला मात्र रेंगाळतो. किती दिवस? लोकांना वाटतं आठवडाभर. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो सरासरी अठरा दिवस टिकतो असं आढळलं. सातव्या दिवशी घाबरून दुसरी पुडी आणायची, तीत दुसरी कॅप्सूल, आणि बाराव्या दिवशी खोकला आपोआप उतरू लागला की श्रेय तिला : असंच होत आलं आहे.

पण आपल्या भागात याला एक दुसरी बाजू आहे. निपाणीकडे घराघरांत बिडीचं सूप मांडीवर घेऊन बायका बसतात. दिवसभर तंबाखूची धूळ नाकात जाते, खोकला अंगवळणी पडतो, कुणी त्याचे दिवस मोजत नाही. क्षयरोग अशाच न मोजलेल्या खोकल्यामागे लपतो. सरकारी नियम साधा आहे : दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी. साध्या सर्दीचा खोकलाही तेवढा टिकतो, त्यामुळे तपासायला गेलात म्हणजे टीबी झाला असं मुळीच नाही. वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, रात्री घाम फुटत असेल, बेडक्यात रक्त दिसत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठी पैसे पडत नाहीत. एक डबी देतात. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, मोकळ्या हवेत माणसांपासून लांब जायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून वर आलेला घट्ट बेडका त्या डबीत घ्यायचा. तोंडातली पातळ लाळ दिली तर तपासणारा माणूस डबी परत करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं.